ल्युपस आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग किडनीच्या गोळ्या अजून किती वर्षं?

साखळीची_थोरली

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबेल, सांभाळून घ्या.

विषय माझ्या धाकट्या बहिणीचा, वय २७. २०१९ ला तिला ल्युपस निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. आधी बोटांचे सांधे धरले, मग गालांवर लाली आली, आम्ही म्हटलं शिरगावच्या जत्रेत दिवसभर उन्हात उभी होती त्याचंच असेल. मग सकाळी उठली की डोळ्यांखाली पिशव्या, संध्याकाळी पाय सुजलेले आणि लघवीला साबणासारखा फेस. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) अ‍ॅडमिट केलं, किडनीची बायोप्सी झाली, क्लास ४ म्हणाले, म्हणजे किडनीत बरीच पसरलेली सूज. तेव्हा लघवीतल्या प्रोटीनचा रेशो ३.८ होता. सायक्लोफॉस्फामाइडची सलाईनं दिली, ५०० ची, दर पंधरा दिवसांनी एक अशी सहा, आणि नंतर मायकोफिनोलेट (प्रतिकारशक्ती दाबायची गोळी) चालू केलं. वर्षभरात रेशो ०.५ वर आला आणि तिथून खालीच. आता वायसोलोन ५ (स्टेरॉइड), एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रोज, टेल्मिसार्टन (बीपीची), आणि मायकोफिनोलेट ५०० ची सकाळी एक रात्री एक. शेवटच्या रिपोर्टात रेशो ०.३, क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची टेस्ट) ०.७, बीपी छान. नोकरी करते पणजीला, रोज कदंबा बसने जाऊन येऊन.

आता गोष्ट अशी की गणपतीची चवथ झाल्यावर मी माटोळीची (गणपतीवर फळं टांगतात त्या मांडवीची) सुतळी डब्यात ठेवायला गेले तर त्या डब्यात मायकोफिनोलेटच्या पाच अख्ख्या स्ट्रिपा. एकही गोळी काढलेली नाही. विचारलं तर म्हणते दोन महिने झाले बंद करून, मला काही होत नाहीये, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, आयुष्यभर विष खाऊ का. घरात लग्नाचं बघतायत त्यामुळे आई पण तिच्याच बाजूने, म्हणते बरी आहे ना पोर, गोळ्यांचा डबा घेऊन सासरी पाठवायची का. मामा म्हणतो काढा दे. मी एकटी ओरडतेय आणि घरात वाईट मीच.

मला एवढंच कळून घ्यायचंय की अशा मुलींच्या किडनीचं दहा-वीस वर्षांनी होतं काय? सगळ्यांचीच जाते का? आणि रिपोर्ट चांगले असतील तर गोळ्या खरंच कधी बंद होतात की मरेपर्यंत? मुलं होतात का? डॉक्टरना विचारणारच आहे पण अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे आणि तोपर्यंत झोप नाही.

---

सतरा_पावसाळे

ताई, आधी एक सांगा, तो ०.३ चा रिपोर्ट कधीचा? गोळ्या बंद करायच्या आधीचा की नंतरचा? कारण आधीचा असेल तर तो गोळ्यांचा रिपोर्ट आहे, गोळ्यांशिवायचा नाही. तुम्ही सगळे जुन्या फोटोकडे बघून मुलगी बरी दिसते म्हणताय.

मी फोंड्याची, २००८ पासून ल्युपस, किडनी क्लास ४ अधिक ५, दोन्ही एकत्र. आज माझं क्रिएटिनिन ०.९ आहे आणि मी शाळेत शिकवते, भाजी-नुस्तें बाजारातून स्वतः आणते, मुलगा आठवीत आहे. त्यामुळे सगळ्यांची जाते का याचं उत्तर नाही, अजिबात नाही. क्लास ३-४ वाल्यांत दहा वर्षांत साधारण दहातल्या एक-दोघांवर डायलिसिसची पाळी येते असं मला माझ्या डॉक्टरनी सांगितलेलं, बाकीचे माझ्यासारखे रडतखडत चालत राहतात. तुमच्या बहिणीचं प्रोटीन वर्षाच्या आत ०.७-०.८ च्या खाली उतरलं ना, ती पुढच्या दृष्टीने फार चांगली खूण धरतात.

पण क्रिएटिनिनवर एवढा जीव टाकू नका. ते नॉर्मल असणं म्हणजे घरात आग नाही असं नाही, अजून छप्पर कोसळलं नाही एवढंच. किडनीत साठा भरपूर असतो, बराच भाग गेला तरी उरलेला ओढत राहतो आणि आकडा हलत नाही. ती बारीक अंगाची असेल तर अजूनच फसगत. माझं ०.६ वरून १.० झालेलं तेव्हा लॅबच्या कागदावर दोन्ही नॉर्मलच छापलेले, लाल अक्षर नाही, बाण नाही काही नाही. पण सत्तावीसच्या बाईत ०.६ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) १२५ च्या आसपास आणि १.० म्हणजे ८० च्या खाली. पंचेचाळीसेक पॉइंट गेले की हो हातचे, आणि मी आनंदात.

आधी हलतं ते लघवीत. प्रोटीन, रक्तपेशी. आणि रक्तात सी३ सी४ खाली, डीएस-डीएनए वर, या ल्युपस भडकत असल्याच्या खुणा. म्हणून दर तीन महिन्यांनी लघवी, बरं वाटत असलं तरी. बरं वाटत असतानाच खरं तर.

गोळ्या कधी बंद होतात तर होतात! हे तिला सांगा, कारण तिला वाटतंय जन्मठेप आहे. साधारण तीन वर्षं तरी पूर्ण उपचार धरतात, मग सगळं शांत असेल तर हळूहळू कमी करत आणतात, आधी स्टेरॉइड आणि मग मायकोफिनोलेट, प्रत्येक पायरीला टेस्ट. काही डॉक्टर त्याआधी परत बायोप्सी करायला सांगतात कारण काही जणींत रिपोर्ट शांत आणि आत किडनीत सूज चालूच असते. तिची सहा वर्षं झाली, तिने हात जोडून विचारलं असतं तर कदाचित डॉक्टरनीच कमी केली असती. एचसीक्यू मात्र सहसा कुणी बंद करत नाही, भडके तीच अडवते. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या अफवेने लोकांनी एचसीक्यू गोळा करून ठेवलेल्या आणि मी फोंड्यात सात मेडिकल फिरले होते एका स्ट्रिपसाठी, तेव्हा कळलं ही गोळी माझी कोण लागते.

---

लॅबवालो_म्हापसा

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे वीस वर्षं. एवढंच सांगतो की पुढच्या महिन्याची वाट बघू नका, लघवीची टेस्ट उद्या पण होते.

सकाळची पहिली लघवी घ्या, सुरुवातीची थोडी सोडून मधली. पाळीच्या दिवसांत नको, ताप असेल तर नको, आदल्या दिवशी जिम-बिम नको, यूटीआय (लघवीचं इन्फेक्शन) असेल तर तो आधी बरा होऊ दे, या सगळ्यात प्रोटीन खोटं वर दिसू शकतं. आणि बाटली भरून ती पर्समध्ये घालून आधी ऑफिस आणि मग दुपारी लॅब असं करू नका. आमच्याकडे मेच्या उन्हात तीन तास फिरून आलेली बाटली येते, त्यात मायक्रोस्कोपखाली बघण्यासारखं काही राहत नाही, लाल पेशींचे जे कास्ट असतात ना, ज्यावरून कळतं की रक्त किडनीतूनच येतंय, ते फुटून जातात. लॅबला सांगा ल्युपस आहे, ताजी बघा. आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, आज इथे उद्या तिथे केलं की ०.३ आणि ०.५ मधला फरक किडनीचा की मशीनचा तेच कळत नाही.

सांगायचं म्हणजे: रेशो, लघवी रुटीन मायक्रोस्कोपीसकट, क्रिएटिनिन, सीबीसी, सी३ सी४, डीएस-डीएनए. बस.

---

रानातली_पायवाट

एवढी घाबरू नका ताई. अ‍ॅलोपथीवाले किडनीच्या नावाने आयुष्यभर बांधून ठेवतात. माझ्या मावशीला डॉक्टरनी किडनी खराब सांगितलेली, तिने पुनर्नवाचा काढा आणि सकाळी उपाशीपोटी करमलांचा (स्टारफ्रूटचा) रस घेतला ४० दिवस, साफ बरी. बिंबलांचा (बिलिंबीचा) रस पण चालतो, आपल्या अंगणातली वस्तू, साइड इफेक्ट शून्य.

---

लॅबवालो_म्हापसा

अहो देवा, करमलांचा रस नको, हे हात जोडून सांगतो. मावशीचं काय होतं मला माहीत नाही. पण करमलां आणि बिंबलां दोन्हीत ऑक्झलेट भरपूर, रस काढून उपाशीपोटी प्यायलात तर ते किडनीच्या नळ्यांत खड्यांसारखं जाऊन बसतं. केरळात कोलेस्टेरॉल उतरायला म्हणून बिंबलांचा रस पिऊन चांगल्या धडधाकट माणसांच्या किडन्या बंद पडलेल्या, तिथल्या डॉक्टरनी लिहून ठेवलंय. करमलांत तर वर आणखी एक विष आहे, किडनी अधू असली की ते शरीराबाहेर जात नाही, मेंदूवर जातं, आधी उचकी लागते ती थांबत नाही, मग माणूस बरळायला लागतो, फिट येते.

हुमणात (माशाच्या कडीत) दोन बिंबलां पडली म्हणून कुणाला काही होत नाही, माटोळीला करमलां बांधा खुशाल. ग्लास भरून पिऊ नका.

---

सतरा_पावसाळे

आणि "बिनसाइड इफेक्ट" काढ्यात काय असतं ते विकणाऱ्याला पण ठाऊक नसतं कधी कधी. मी पण २०११ मध्ये घेतलेला एक, सासूबाईंच्या आग्रहाने, चार महिने, त्याचं पुराण नंतर कधी तरी. त्याहून मोठी चूक म्हणजे दुखतंय म्हणून मेडिकलमधून मागून घेतलेली कॉम्बिफ्लाम नि व्होवेरान. ल्युपसवालीने सांधेदुखीला या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्याच नाहीत, किडनीचा रक्तपुरवठाच आवळतात त्या. पॅरासिटामॉल घे, नाही भागलं तर डॉक्टर. सेप्ट्रानसारखी सल्फावाली अँटिबायोटिक पण काही जणींना ल्युपस भडकवते, कुठेही दाखवायला गेलात की पहिलं वाक्य ल्युपस आहे हे.

---

काणकोणकार

बरेच दिवस वाचतोय फक्त, आज लिहितो.

माझ्या बायकोची गोष्ट आहे. आमच्या काणकोणात किडनीचे पेशंट तसेही जास्त, कारण अजून नक्की सापडलेलं नाही, त्यामुळे हिला सूज आली तेव्हा वाड्यावर सगळे म्हणाले विहिरीचं पाणी. पण हिच्या बायोप्सीत ल्युपस निघाला, तोच क्लास ४. औषधाने दीड वर्षात बरी झाली. आणि मग तिने बंद केल्या. मला माहीत होतं. मी काही बोललो नाही कारण ती खूश होती, केस परत आलेले, चेहऱ्याची सूज उतरलेली, स्टेरॉइडने चेहरा कसा होतो ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. आठ महिने काही नाही. मग एका पावसाळ्यात परत सूज, या वेळी औषधाने प्रोटीन उतरलं पण पूर्ण नाही, क्रिएटिनिन १.६ वर थांबलं ते खाली आलंच नाही. डॉक्टर म्हणाले सूज औषधाने जाते, व्रण जात नाही. प्रत्येक भडका थोडी किडनी कायमची घेऊन जातो. तिसरा भडका आला तेव्हा घ्यायला फारसं उरलेलं नव्हतं.

तीन वर्षं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, मी दुकान बंद ठेवून न्यायचो. मग तिच्या आईची किडनी बसवली. त्याआधी ल्युपस शांत आहे ना ते काही महिने बघितलं, मगच ऑपरेशन. आता ठीक आहे, सात वर्षं झाली. नव्या किडनीत ल्युपस परत यायची भीती होती पण तसं कमी जणांत होतं म्हणतात, आणि गंमत म्हणजे नव्या किडनीसाठी तिला रोज जी गोळी घ्यावी लागते ती हीच, मायकोफिनोलेट. जी टाळली तीच आता जन्मभर.

घाबरवायला नाही लिहिलं. डायलिसिस म्हणजे पण शेवट नाही, आमच्या बाजूच्या खाटेवरचा एक जण डायलिसिस करून संध्याकाळी भजनाला पेटी वाजवायचा. पण तुमची बहीण अजून अशा जागी आहे जिथून माझी बायको पंधरा वर्षांपूर्वी चालत पुढे गेली, म्हणून लिहिलं. दोन महिने म्हणजे फार नाही. टेस्ट करून घ्या.

---

साखळीची_थोरली

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. ०.३ चा रिपोर्ट मेचा होता, गोळ्या बंद केल्या जुलैमध्ये. सतरा_पावसाळे, तुमचं ते फोटोचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बाटली धुवून ठेवली.

काल रिपोर्ट आले. रेशो १.१. लघवीत लाल पेशी १५-२०. सी३ कमी, डीएस-डीएनए वाढलेलं. आणि क्रिएटिनिन ०.८, नॉर्मल! तुम्ही लिहिलं होतं तस्संच. पाळी नव्हती, ताप नव्हता. सूज नाही, फेस पण तिला जाणवला नाही, काल रात्री तर शीत-कडी जेवून टीव्ही बघत हसत होती. माझे हात थरथरतायत. ओपीडीत फोन केला, मधल्या एका गुरुवारी या म्हणाले, तोपर्यंत जुनी गोळी परत चालू करू का? आणि मुलांचं कुणी सांगितलं नाही.

---

सतरा_पावसाळे

ताई, बसा आधी. १.१ वाईट आहे पण ३.८ नाही, आणि सूज यायच्या आधी सापडलंय, हेच तर हवं होतं. गोळी आपल्या मनाने चालू पण करू नका आणि डोस पण ठरवू नका, ओपीडीत परत फोन करून आकडे वाचून दाखवा, गोळी दोन महिने बंद होती हे लपवू नका, ते ऐकल्यावर गुरुवारपर्यंत थांबवणार नाहीत असं मला वाटतं. डॉक्टर रागावतील. रागावू दे. गोळी बंद होती हे कळलं नाही तर त्यांना वाटेल औषध चालत नाहीये, आणि विनाकारण जोराच्या औषधावर नेतील.

मुलांचं: होतात. माझा पुरावा आठवीत आहे, आत्ता मोबाईल मागतोय. पण क्रम आहे. रोग किमान सहा महिने शांत हवा. मायकोफिनोलेट पोटातल्या बाळाला घातक, त्यामुळे ठरवायच्या आधी निदान सहा आठवडे ती बंद करून त्या जागी अ‍ॅझाथायोप्रिन देतात, आणि त्यावर रोग शांत राहतो का बघायला अजून काही महिने घेतात. टेल्मिसार्टन पण गरोदरपणात चालत नाही. एचसीक्यू चालू ठेवतात, उलट ठेवायलाच हवी. लहान डोसची अ‍ॅस्पिरिन देतात बीपी चढू नये म्हणून. रक्त गोठण्याच्या आणि रो-ला नावाच्या अँटीबॉडी आधी तपासून घेतात. आणि तिला मिळालेली सहा सलाईनं म्हणजे एकूण ३ ग्रॅम, ती कमी डोसची युरो-लुपस पद्धत, पूर्वी महिन्याला एक मोठा डोस असायचा, त्याने बायकांची पाळीच कायमची जायची भीती जास्त. तिच्या बाबतीत ती भीती कमी. मुलाकडच्यांना काय आणि कधी सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे, पण लग्न झाल्यावर सहा महिन्यांत पाळणा हवा असं घर असेल तर सांगूनच टाकलेलं बरं. आणि तोवर पाळणा लांबवायला गोळ्या घेणार असेल तर त्याही मेडिकलमधून नकोत, इस्ट्रोजेनवाल्या तिला चालतीलच असं नाही.

---

साखळीची_थोरली

मी थोरली नाही, धाकटी. ताईचा फोन घेऊन लिहितेय, ती आंघोळीला गेलीय.

सगळं वाचलं. काणकोणकार, तुमचं दोनदा.

एक सांगायचं होतं. लग्नासाठी नाही बंद केल्या मी. केसांसाठी पण नाही. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात पोटात कळ येते आणि मी तेव्हा बसमध्ये असते. साखळीहून पणजीपर्यंत. दोनदा मला माशेलला उतरून कुणाच्या तरी घरात जाऊन विचारावं लागलं. तिसऱ्या वेळी विचारायची पण वेळ नव्हती. ते मी कुणाला सांगू, ओपीडीत मागे तीस माणसं उभी असतात आणि डॉक्टर विचारतात काही त्रास, मी म्हणते नाही. मग आधी फक्त सकाळची सोडली, मग रात्रीची पण सुटली. किडनी तर काही बोलत नव्हती, पोट बोलत होतं.

याला काही असतं का? की सगळ्यांना होतं आणि सहन करायचं?

---

सतरा_पावसाळे

अगो बाय माझे. हे खूप जणींना होतं आणि सहन नाही करायचं.

याच औषधाचा दुसरा प्रकार येतो, मायकोफिनोलेट सोडियम, वर लेप असलेली गोळी, पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते, ३६० ची म्हणजे साधारण तुझी ५०० ची, काही जणींना तिने फरक पडतो. काही जणींना डॉक्टर तोच डोस तीन-चार वेळांत वाटून देतात, काहींना जेवणाबरोबर. वेळ बदलून मागता येते, तू बसमधून उतरून ऑफिसला पोचल्यावर घे असं पण ठरू शकतं. गॅसची पातळ औषधं, ती जेल असतात ना, ती मात्र याच्याबरोबर नको, गोळी अंगाला लागत नाही. आत्ता भडका आहे त्यामुळे काय बदलायचं ते तेच ठरवतील, पण माशेलची गोष्ट सांगितल्याशिवाय ते काही ठरवूच शकत नाहीत.

तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून फाइलच्या वर लाव. मी २०१४ पासून तेच करते, शाळेत शिकवते पण डॉक्टरसमोर माझी जीभ टाळूला.

---

लॅबवालो_म्हापसा

आणि कळेबरोबर जुलाब होत असतील तर स्टूल टेस्ट पण करून ठेवा, या गोळ्यांवर इन्फेक्शन पण लवकर होतं, प्रत्येक वेळी गोळीच दोषी असं नाही.

---

साखळीची_थोरली

ताईच आहे आता. वाचलं मी तिने काय लिहिलंय ते. सहा वर्षं एका खोलीत झोपतो आम्ही.

उद्याच बोलावलंय, गुरुवारची वाट बघायची नाही म्हणाले. मी रजा टाकलीय, भाड्याची गाडी केलीय, बसने नाही. कागद ती स्वतः लिहितेय, मला दाखवत नाहीये. देव बरें करूं सगळ्यांचं, काय म्हणाले ते उद्या रात्री येऊन लिहीन.